घोड्यांची मासिकं पूर्वीसारखी राहिली नाहीत म्हणजे नक्की काय झालं?

पानपलट्या

चार घोडेवाले जमले की "मासिकांची मजा गेली" हे वाक्य निघतंच. नक्की काय गेलं असं खोदून विचारलं तर मात्र "जाहिराती फार झाल्यात हो" याच्या पुढे गाडी सरकत नाही. जाहिराती पूर्वीही होत्या. 'हॉर्स अँड हाउंड' १८८४ पासून निघतंय. त्याचा कुठलाही जुना अंक उघडा, 'घोडा विकणे आहे'च्या छोट्या जाहिरातींनी पानंच्या पानं भरलेली. कित्येकजण अंक उघडायचे तो मागून. त्यामुळे जाहिरातींवर खापर फोडून मोकळं होता येणार नाही.

मी बोलतोय तो काळ साधारण १९७० ते २०००. 'वेस्टर्न हॉर्समन' (१९३६) आणि 'क्रॉनिकल ऑफ द हॉर्स' (१९३७) तोवर चांगली मुरली होती. १९७३ मध्ये 'प्रॅक्टिकल हॉर्समन' आणि १९७७ मध्ये 'इक्वस' आलं. या नव्या मंडळींनी एक गोष्ट गृहीत धरली होती. वाचकाकडे घोडा आहे, त्याची लीद तो स्वतः उचलतो आणि आत्ता त्याच्यापुढे काहीतरी अडचण उभी आहे. म्हणून लेख सुरू व्हायचा तो थेट अडचणीपासून, आणि ती सुटेपर्यंत किंवा सुटत नाही हे नीट समजेपर्यंत थांबायचा नाही.

त्या काळचा एक लेख माझ्या डोळ्यांपुढे अजून तसाच्या तसा आहे. विषय पुढच्या पायाचा, गुडघ्याखालचा भाग. डावीकडच्या पानावर कातडी बाजूला केलेल्या पायाचं रेखाचित्र. सगळ्यात मागे वरवरचा फ्लेक्सर टेंडन (पाय दुमडणारा, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), त्याच्या पुढे खोलवरचा, त्याला वरून येऊन मिळणारं चेक लिगामेंट, आणि नळीच्या हाडाला अगदी चिकटून सस्पेन्सरी, जे खाली दोन फाटे होऊन सेसमॉइड हाडांना धरून ठेवतं. उजवीकडच्या पानावर अगदी त्याच कोनातून काढलेला जिवंत पायाचा फोटो. त्यावर माणसाचा अंगठा आणि दोन बोटं. खाली ओळ अशी की आधी पाय टेकलेला असताना चाचपा, मग उचलून, सैल सोडून चाचपा, आणि दर वेळी दुसऱ्या पायाशी ताडून बघा. ते दोन पानांचं प्रकरण अंक मांडीवर उघडा ठेवून घोड्याशेजारी बसून वाचायचं होतं, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं.

आता तोच विषय येतो तो "टेंडनची दुखापत ओळखण्याच्या पाच खुणा" म्हणून. पाचही खुणा बरोबर असतात. सोबत विकतचा फोटो, त्यात हिरवळीवर पळणारा, ठणठणीत दिसणारा घोडा. शेवटची खूण "शंका आल्यास पशुवैद्यकाला बोलवा".

तुम्हाला काय वाटतं? काय हरवलं, काय सुधारलं? "सगळा कचरा झालाय" एवढंच लिहायचं असेल तर मनातच ठेवा.

अंडी_प्रति_ग्रॅम

पेशाने पशुवैद्य आहे, तेव्हा मिठाचा खडा टाकण्याचं काम माझ्याकडे. :)

तुमचे ते सुंदर जुने अंक आणा आणि जंतांवरचं पान उघडा. दर सहा ते आठ आठवड्यांनी औषध, तेही दर वेळी वेगळ्या गटाचं. कापून तबेल्यात डकवायचा तक्तासुद्धा मिळायचा. हा सल्ला आला १९६६ च्या सुमाराला, अमेरिकेतल्या केंटकीमधल्या ड्रज आणि लायन्स यांच्याकडून. तेव्हा तो अगदी रास्त होता. शत्रू होता मोठा स्ट्रॉन्गाइल, जो आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरून पोटशूळाने घोडे मारायचा. १९८३ मध्ये आयव्हरमेक्टिनची पेस्ट आली आणि तो शत्रू बराचसा आटोक्यात आला.

पण तक्ता काही भिंतीवरून उतरला नाही. छोटे स्ट्रॉन्गाइल बेन्झिमिडॅझोल गटाच्या औषधांना कधीच दाद देईनासे झाले होते. तरी मासिकं वर्षानुवर्षं तेच कॅलेंडर छापत राहिली, आणि शेजारच्या पानावर जंतनाशकाचीच जाहिरात. आज आम्ही सांगतो, आधी लीद तपासा. एका ग्रॅममध्ये अंडी दोनशेच्या आत असतील तर तो घोडा कमी अंडी टाकणारा, त्याला उगाच औषध पाजू नका. कळपातली ढोबळमानाने ८० टक्के अंडी २० टक्केच घोडे टाकत असतात. अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने, एएईपीने, २०१३ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक दिवसांनी सगळ्यांना औषध पाजण्याची पद्धत सरळ मोडीत काढली. आणि हे मला वाचायला मिळालं ते फुकटच्या ऑनलाइन लेखांत, मुद्देसूद, मूळ शोधनिबंधाच्या दुव्यासकट.

म्हणजे भाषा तुमच्या काळाची चांगली, माहिती आमच्या काळाची.

खरारा

+१ डॉक्टर. यात आठवड्याला एकदा कोंड्याची गरम लापशी घालाच! जुन्या प्रत्येक अंकात हिवाळा आला की ती असायची. पोट साफ राहतं म्हणे. कोंड्यात फॉस्फरस रग्गड आणि कॅल्शियम नावाला, शिवाय सहा दिवस एक आणि सातव्या दिवशी भलतंच खायला घालून आतड्यातल्या जिवाणूंचा गोंधळ उडवायचा तो वेगळाच. पण लेख इतका मायेने लिहिलेला असायचा की वाचून वाटायचं, आपण लापशी दिली नाही तर आपण घोड्याचे वैरी.

पानपलट्या

डॉक्टर, माहिती सुधारली हे शंभर टक्के मान्य. १९६६ चा सल्ला १९७८ च्या अंकात असण्यात मला काही गैर दिसत नाही, तेव्हाचं ज्ञान तेवढंच होतं. तो तक्ता पुढची वीस वर्षं कुणी तपासलाच नाही, ही खरी तक्रार आणि ती रास्त आहे.

पण एक विचारतो. आज जो लेख बरोबर आहे तो दहा वर्षांनी चुकीचा ठरला तर वाचकाला ते कसं कळणार? जुन्या अंकावर निदान महिना आणि वर्ष तरी असायचं.

मुद्रितशोधक

या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, नाव-गाव विचारू नका. आतून कसं दिसलं ते सांगतो.

पानपलट्या म्हणतात ती मागची पानं, छोट्या जाहिराती, तीच आमची रोजीरोटी होती. त्या जाहिरातींची एक परिभाषाच होती. उंची १५.२, म्हणजे पंधरा हात दोन इंच (हा 'हात' चार इंचांचा), मग रंग, वय, आणि पुढे ठरलेलं पालुपद: नाल ठोकताना, केस कापताना, गाडीत चढवताना, रस्त्यावरच्या वाहनांत शांत. यातला एखादा शब्द गाळलेला दिसला की मुरलेला गिऱ्हाईक लगेच ओळखायचा की घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. (शब्दशः!) इंटरनेट आल्यावर ही सगळी पानं विक्रीच्या संकेतस्थळांवर गेली. तिथे दहा फोटो, व्हिडिओ, आणि विकला गेला की जाहिरात गायब. आमच्या मागच्या पानांतून येणारा पैसा काही वर्षांत आटला.

पैसा आटला की पहिला बळी कोणाचा? लेखकाचा नव्हे. लेखकाला मानधन कमी करून धरून ठेवता येतं. जाते ती फोन करणारी मुलगी. दर अंकाच्या आधी ती डॉक्टरला, नालबंदाला, प्रशिक्षकाला फोन लावून विचारायची, "तुमच्या तोंडी हे वाक्य घातलंय, तुम्ही असंच म्हणालात का? आणि हे माप इंचात की सेंटिमीटरमध्ये?" ती गेल्यावर अंक पहिल्यासारखाच दिसत राहिला. सहा महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग गेला चित्रकार. तुमचं ते कातडी सोललेल्या पायाचं चित्र काढायला त्याला दोन आठवडे लागायचे, आणि मधे दोनदा पशुवैद्य येऊन ते खोडून जायचे. विकतचा फोटो दोन मिनिटांत मिळतो.

त्यात एकेका कंपनीने पाच-सहा मासिकं पंखाखाली घेतली. मग एकाच डॉक्टरची एकच मुलाखत तिन्ही-चारींकडे वेगवेगळे मथळे लावून. मासिकांची त्रैमासिकं झाली, 'इक्वस'सुद्धा तिमाही झालं. 'ड्रेसाज टुडे' १९९४ मध्ये मोठ्या थाटात आलं होतं, त्याचा छापील अंक आता निघत नाही. 'थरोब्रेड टाइम्स' तर २०१२ मध्ये एका फटक्यात बंद पडलं, दिवाळखोरीच. शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात एवढा पैसा खेळतो, तिथे ही गत, मग छंदवाल्यांचं काय घेऊन बसलात!

रील_आणि_रिकीब

सगळ्यांचा मान राखून बोलते. इथे जरा 'आमच्या वेळी' चाललंय.

लंगडणारा घोडा कागदावर दाखवून दाखवा बरं. दुडक्या चालीत पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला टेकताना खाली येतं, हे वाक्य मी पुस्तकात आणि मासिकात कितीही वेळा वाचलं असतं तरी डोळ्याला कळलं नसतं. कळलं ते एका पशुवैद्य महाविद्यालयाच्या व्हिडिओत, संथ गतीत, फुकट. खोगीर पाठीवर नीट बसलंय का, उडी घेताना स्वाराचा खालचा पाय मागे सरकतो का, घोडा ताणाखाली कान आणि नाकपुड्या कशा करतो, हे सगळं हलत्या चित्राचं काम आहे. मासिकं या बाबतीत कायमच लंगडी होती.

आणि मला घोडा नाही. आठवड्यातून दोनदा दुसऱ्याच्या घोड्यावर शिकते. "वाचकाकडे घोडा आहे" हे तुमचं गृहीतक माझ्यासारखीला दाराबाहेर ठेवणारं होतं, त्याचंही कौतुकच करायचं का?

पानपलट्या

@रील_आणि_रिकीब, दाराबाहेरचा मुद्दा लागला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उडीचं मात्र बघा. 'प्रॅक्टिकल हॉर्समन'मध्ये 'जंपिंग क्लिनिक' हे सदर यायचं. वाचकांनी स्वतःचे उडीचे फोटो पाठवायचे, त्यातले चार छापायचे आणि प्रत्येकाची चिरफाड. रिकीब पावलाच्या कुठल्या भागाखाली आहे, टाच खाली आहे का, गुडघ्याने खोगीर आवळलंय का, हात आयाळीवर टेकलाय की लगाम कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत सरळ रेषेत आहे. आणि मग घोडा: पुढचे गुडघे सारखे वर आलेत का, एक लोंबतोय का. स्थिर चित्र असल्यामुळेच तुम्ही आधी फोटो बघून स्वतः निदान करायचं, मग वाचून ताडायचं, अशी परीक्षा घेता यायची. व्हिडिओत डोळा मुख्यतः घोड्याच्या डौलावर जातो, टाच निसटून जाते.

रील_आणि_रिकीब

व्हिडिओ थांबवता येतो, काका. :) पण परीक्षेची कल्पना आवडली. त्या सदराचे जुने भाग बघते.

आडनळी

पैदास करतो. तुमच्या चर्चेत एक आख्खी जमात सुटली आहे, ती म्हणजे जातीच्या संघटनांची मासिकं. नियमावल्या, नोंदणी, स्पर्धांचे निकाल, आणि हंगामाच्या तोंडावर निघणारा वळूघोड्यांचा विशेषांक. टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढा जाड. तिथे 'दर्जा' हा शब्दच वेगळ्या अर्थाने घ्यायचा, कारण अंकाचा मालक, जाहिरातदार आणि वाचक ही एकच मंडळी.

त्या अंकांत विज्ञान शिरलं ते लेखांतून नाही, जाहिरातींतून. क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीत 'इम्प्रेसिव्ह' नावाचा १९६९ चा घोडा होऊन गेला. दंडापुट्ठ्यांचा असा की प्रदर्शनात त्याच्या वंशजांनी मैदान मारलं, आणि त्याच्याच रक्तातून एचवायपीपी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार पसरला. पोटॅशियमचं गणित बिघडतं, घोडा थरथरतो, कोसळतो, काही वेळा मरतो. १९९२ मध्ये त्यासाठी डीएनए चाचणी आली. त्यानंतरच्या वळूच्या जाहिराती बघा. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एन/एन' यायला लागलं, म्हणजे दोन्ही प्रती निरोगी. ज्या जाहिरातीत ते नसे त्यावरूनही काय ते कळायचं. २००७ पासून जन्मलेल्या, दोन्ही प्रती सदोष असलेल्या शिंगरांची नोंदणी संघटनेने बंद केली. चाचणी आणि नोंदणीबंदी यांत पंधरा वर्षं गेली. या पंधरा वर्षांचे अंक ओळीने लावले तर एका जातीचा बाजार भानावर कसा आला ते पान उलटत उलटत दिसतं. ऑनलाइन जाहिरात विक्री झाली की पुसली जाते. तिचा असा इतिहास उरणार नाही.

शिंगराची_आई

पोनीवाल्या पोरींच्या मासिकांबद्दलही बोला कुणीतरी. 'पोनी' १९४९ पासूनचं. एकूण या प्रकारच्या मासिकांत पूर्वी क्रमशः गोष्ट असायची, लगाम कसा उकलून साफ करायचा त्याची पायरीपायरीने कृती असायची, आणि पत्रं! आता भित्तिचित्र, कोडं, चकचकीत पिशवीत प्लास्टिकची भेटवस्तू. माझ्या लेकीला भेटवस्तू आवडते, अंक तसाच पडून राहतो. पण एक कबूल करायला हवं, आता हेल्मेट न घातलेलं एकही मूल त्यात दिसत नाही.

खरारा

हेल्मेटबद्दल खरंय. जुने अंक चाळताना सगळ्यात आधी दचकायला होतं ते फोटोंनी. हनुवटीखाली पट्टाच नसलेल्या मखमली टोप्या घालून चार फुटांवरून उडी. ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) तर उंच काळी हॅट म्हणजे प्रतिष्ठा. २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात हेल्मेटविना पडली, घोडा अडखळला एवढंच. डोक्याला जबर मार लागला. त्यानंतर मासिकांच्या मुखपृष्ठांवरचं चित्र वेगाने बदललं. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एफईआयने, ड्रेसाजला हेल्मेट सक्तीचं केलं २०२१ पासून. नियमाच्या आधी मासिकांनी वळण लावलं, हे श्रेय द्यायला पाहिजे. निदान इथे तरी ती पुढे होती.

चितारी

अवांतर: 'क्रॉनिकल ऑफ द हॉर्स'ची मुखपृष्ठं म्हणजे वर्षानुवर्षं शिकारीची, शर्यतीची जुनी तैलचित्रं. त्यातल्या कित्येक चित्रांत भरधाव घोड्याचे पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे, पोट जमिनीला लागेल असा. असा घोडा जगात कुठे पळत नाही. १८७८ मध्ये मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा सिद्ध झालं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे आत चालीवरचा शास्त्रशुद्ध लेख आणि मुखपृष्ठावर अशक्य घोडा! मला ते फार आवडायचं. आताच्या मुखपृष्ठावर तेच तेच, कान पुढे केलेला तांबडा घोडा आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून डोळे मिटलेली मुलगी.

तिरपी_मान

माझा मुद्दा दर्जाच्या जरा वेगळ्या अंगाचा आहे. मासिक कशासाठी भांडायला तयार होतं, यावर मी त्याचा दर्जा मोजतो.

२००५ मध्ये 'सांक्ट गेऑर्ग' या जर्मन मासिकाने (१९०० पासूनचं, म्हणजे घराणेदार) रोलकुरवर फोटोंसकट लेख छापला. घोड्याची मान इतकी आवळायची की हनुवटी छातीला टेकावी, आणि तशाच अवस्थेत सराव. त्या वेळी जगातले अव्वल स्वार तसं करत होते, आणि अव्वल स्वार म्हणजे मासिकांची मुखपृष्ठं, मुलाखती, जाहिरातदार. तरी छापलं. केवढा गदारोळ झाला!

आता गंमत बघा. पुढचा मोठा धक्का छापील माध्यमातून आला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्सला वर्ल्ड कपच्या स्पर्धेत सराव मैदानावर एपोना टीव्ही या छोट्या ऑनलाइन वाहिनीने चित्रण केलं. त्यात घोड्याची जीभ निळी पडलेली दिसत होती. तो व्हिडिओ जगभर फिरला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये एफईआयने लोझानला बैठक घेऊन बळजबरीने केलेलं असं मान आवळणं अमान्य ठरवलं. बाकी मैदानांवर ते खरंच थांबलं का, तो वेगळा धागा होईल.

मासिकाने विषय उकरला, व्हिडिओने हलवून सोडलं. छापील चांगलं की ऑनलाइन असा वाद घालणाऱ्यांनी ही पाच वर्षं नीट बघावीत. नुसता व्हिडिओ आला असता तर लोक "एका स्वाराचा एक वाईट दिवस" म्हणून पुढे गेले असते. चार वर्षांपूर्वीच्या लेखामुळे बघणाऱ्यांना आपण काय बघतोय ते ठाऊक होतं.

अंडी_प्रति_ग्रॅम

@तिरपी_मान, हे पटलं. जर्मनांचं आणखी एक: 'कावालो' हे मासिक ओळख न सांगता रायडिंग स्कूलमध्ये माणूस पाठवतं, तो धडे घेतो, आणि मग शिक्षक, घोड्यांची अवस्था, तबेला यांचं परीक्षण छापतात. खोगिरांपासून पांघरुणांपर्यंत वस्तूंच्याही तौलनिक चाचण्या असतात. म्हणजे दमदार मासिक आजही निघू शकतं. त्याला पैसे देणारा वाचक लागतो.

मुद्रितशोधक

आणि जाहिरातदार रुसला तर तो धक्का सोसणारा मालक लागतो. पुरवणी खाद्याच्या एका पुड्यात मापाने सांगितलेला घटक नाही असं एकदा आम्ही छापायला निघालो होतो. मजकूर तयार होता, प्रयोगशाळेचा अहवाल होता. ते पान शेवटी आयाळ गुंफण्याच्या प्रकारांना गेलं. इतकंच बोलतो.

आडनळी

:( पूर्वी असं होत नव्हतं असं तुम्ही म्हणताय की पूर्वीही व्हायचं?

मुद्रितशोधक

पूर्वीही व्हायचं. फक्त पूर्वी दोनशे छोटे जाहिरातदार असायचे, एक रुसला तर बाकीचे होते. नंतर पाच-सहा मोठे राहिले. अल्सरचं बघा. पोटातल्या व्रणांवरचं घोड्यांसाठीचं ओमेप्रॅझोल १९९९ मध्ये मान्य झालं, आणि त्यानंतर अल्सरवरच्या लेखांना असं भरतं आलं की प्रत्येक चिडक्या घोडीला अल्सरच असणार असं वाटावं. आजार खराच आहे, शर्यतीच्या घोड्यांत तर फारच. पण कोणता खरा आजार दर महिन्याला छापायचा हे कोण ठरवत होतं?

अंडी_प्रति_ग्रॅम

खरं आहे. त्यातून फायदाही झाला हे मात्र नोंदवतो. घोड्याला तासन्‌तास उपाशी ठेवू नका, दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा पोटात गेलाच पाहिजे, हे लोकांच्या डोक्यात शिरलं ते त्या लेखांमुळेच. औषध विकणाऱ्यांना तो भाग नको असेलही, पण डॉक्टर मुलाखतीत तेच घोकत राहिले आणि ते छापून आलं.

परवा पानपलट्यांनी विचारलं होतं, ऑनलाइन लेख जुना झाला तर कळणार कसं. त्यावर दोन दिवस डोक्यात चाललं होतं. काल एका मोठ्या संकेतस्थळावर लॅमिनायटिसवरचा (खुराच्या आतल्या सुजेचा आजार) लेख वाचला, वर याच वर्षीची तारीख. मजकूर वाचताना काही केल्या इन्शुलिनचं नाव येईना. धान्याची कोठी फोडून खाल्लेला घोडा, वार अडकलेली घोडी, दगडावर आपटलेले खूर, एवढीच कारणं. हा मजकूर वीसेक वर्षं जुना असणार. २००७ मध्ये निरोगी पोनींना नुसतं इन्शुलिन चढवून लॅमिनायटिस घडवून दाखवला गेला. त्यानंतर लिहिलेल्या लेखात ते नसणं शक्यच नाही. कुणीतरी जुना मजकूर उचलून तारीख बदलली आहे. जाड मानेच्या, गवतावर सोडलेल्या पोनीच्या मालकाने तो वाचला तर "आमच्या पोनीला धान्य देतच नाही" म्हणून निर्धास्त होईल.

जुनं चुकीचं कागदावर होतं तोपर्यंत ते निदान जुनं दिसत होतं.

पानपलट्या

हेच, डॉक्टर. मला वाटतं माझी तक्रार आता नेमकी सापडली. जुन्या मासिकांचा शहाणपणा लेखांत कमी आणि दोन अंकांच्या मधल्या जागेत जास्त होता. मार्चला लेख यायचा. मेच्या अंकात पत्रांच्या पानावर एखादा नालबंद तुटून पडायचा, "तुमच्या छायाचित्र तीनमधला खुराचा कोन बघा, पुढचं टोक लांब ठेवलंय आणि टाच दबली आहे, असा घोडा वर्षभरात लंगडेल." जूनमध्ये मूळ लेखकाचं उत्तर. कधी संपादकाची चौकट, की अमुक पानावर मात्रा चुकीची छापली गेली, कृपया दुरुस्त करून घ्या. 'इक्वस'ने तर अंकांना सलग क्रमांक दिले होते आणि नवा लेख जुन्या क्रमांकाचा हवाला द्यायचा. आपण आधी काय म्हणालो होतो याची आठवण मासिकाला असायची. आता लेखाखाली प्रतिक्रिया हजार, पण लेखक त्या वाचत नाही. मजकूर गुपचूप बदलतो किंवा मुळीच बदलत नाही.

हेनेकेच्या शरीरमापाचं उदाहरण घ्या. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात १९८३ मध्ये तयार झालेली, घोडा किती रोड की लठ्ठ ते सांगणारी १ ते ९ ची पट्टी. मान, खांदवटा, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ अशा सहा जागा चाचपायच्या. सुरुवातीला लोकांनी मासिकांना रागाने पत्रं लिहिली असतील अशीच ती गोष्ट होती, कारण ज्यांचे घोडे प्रदर्शनात बक्षीस घ्यायचे ते या पट्टीवर सात-आठ निघत. पण फोटो, वाद, पुन्हा फोटो असं करत करत ती पट्टी रुळली. आज ती कुणाला समजवावी लागत नाही.

रील_आणि_रिकीब

एक व्यावहारिक प्रश्न. ओळखीच्यांकडून जुन्या अंकांचे गठ्ठे मिळतायत, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतले. जागा कमी आहे. काय ठेवू, काय सोडू? वरचं सगळं वाचून तर आरोग्यावरचं सरसकट रद्दीत घालावंसं वाटतंय.

अंडी_प्रति_ग्रॅम

सरसकट नको. शरीररचनेवरचं सगळं ठेवा, घोड्याची हाडं तेव्हापासून बदललेली नाहीत. 'इक्वस'मध्ये डेब बेनेट यांचे बांध्यावरचे लेख असतील तर ते आधी बाजूला काढा. नाडी, श्वास, तापमान कसं घ्यायचं ते ठेवा: विश्रांतीत नाडी २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, हे तसंच आहे. मलमपट्टी आणि बँडेज गुंडाळण्याच्या फोटोमालिका ठेवा, आजच्यापेक्षा सरस आहेत. जंत, लॅमिनायटिस, खुराक, औषधांच्या मात्रा या चार विषयांवरचं काहीही त्या अंकांतून वाचून करायचं नाही. विशेषतः लॅमिनायटिस झालेल्या घोड्याला चालवा असं कुठे दिसलं तर त्यावर काट मारा.

रील_आणि_रिकीब

काट मारू की पान फाडू?

मुद्रितशोधक

फाडू नका हो, मागच्या बाजूला टेंडनचं चित्र असायचं. काट मारा, समासात आजची तारीख घाला आणि नवा सल्ला कुठे वाचलात तेही लिहा. आणि पत्रांची पानं टाकणार असाल तर आधी मला कळवा, मी घेतो.

आडनळी

वळूंचे विशेषांक निघाले तर माझं नाव लिहून ठेवा. वजनाची काळजी नको, टेम्पो आणतो.